करडईच्या रानातला शर्ट

यंदा फार वर्षांनी निलंग्याहून लातूरला जाताना रस्त्याकडेला करडई दिसली. सोयाबीन-हरभऱ्याच्या राज्यात आता तिला विचारतं कोण! तरी कुणीतरी हट्टानं एक पट्टा पेरला होता. पिवळेपणा सरून ती केशरी होत वाळायला लागली होती आणि फाल्गुनातलं सकाळचं ऊन तिच्यावर आळसावून पडलं होतं. एसटी पुढं निघून गेली. मी खिडकीतून मान वळवून मागंच बघत राहिलो.

"घरी काही राहिलं का?" शेजारी बसलेल्या बायकोनं, सुनंदानं, विचारलं.

"नाही."

"मग मान मोडून काय बघायलात?"

काय बघत होतो ते सांगायला लातूरपर्यंतचा रस्ता पुरला नसता. शिवाय आम्ही निघालो होतो शर्ट घ्यायला, आणि तोही माझ्यासाठी, त्यामुळे सुनंदाची मनःस्थिती आधीच फार उदार नव्हती. मी फोटोग्राफर. निलंग्यात माझा स्टुडिओ आहे, म्हणजे एक पडदा, दोन छत्र्या आणि एक पंखा. सगळा जन्म त्या पंख्याखाली निघून गेला असता, पण आता लग्नाआधीच नवरा-नवरीला माळावर, तळ्याकाठी, पडक्या बुरुजावर नेऊन फोटो काढायचे दिवस आलेत. ती दोघं खुशाल उन्हात एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभी राहतात आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून काट्याकुट्यातून मागं मागं सरकत जातो. मध्यंतरी असाच सरकताना बाभळीला अडकलो आणि पाठीवर शर्ट टर्रकन फाटला. नवरी खळखळून हसली. तेवढा एकच फोटो त्या दिवशी खरा आला.

फोटोग्राफरचा शर्ट ही गोष्ट दिसते तेवढी साधी नाही. लाल घालून नवरीच्या जवळ गेलं की तिच्या गालांवर लाली चढते आणि ती लाजेची नसते, आपल्या शर्टाची असते. पिवळा घातला तर नवरदेव कावीळ झाल्यासारखा दिसतो. पांढरा घालावा तर समोरच्याच्या चष्म्यात आपणच उभे. काळा ऐटदार दिसतो खरा, पण आमच्याकडच्या उन्हात काळा शर्ट म्हणजे अंगावर तवा पांघरणं. नायलॉनचा सळसळतो, मंगलाष्टकांच्या मागं ती सळसळ व्हिडिओत ऐकू येते आणि वरबाप विचारतो की हा आवाज कशाचा. कॉलर हवीच, नाहीतर कॅमेऱ्याचा पट्टा मान सोलून काढतो. खिशाला झाकण हवं, झाकणाला गुंडी हवी, नाहीतर वाकलं की लेन्सचं टोपण थेट विहिरीत. मागून शर्ट चांगला लांब हवा, कारण फोटोग्राफर उकिडवा बसल्यावर मागच्या पाहुण्यांना जे दिसतं ते कुठल्याच अल्बमात लावण्याजोगं नसतं.

हे सगळं मी लातूरच्या दुकानदाराला सविस्तर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हिरव्या पानांची नक्षी असलेला एक शर्ट माझ्यापुढं टाकला.

"ह्यो घ्या सर. जंगलातला माल हाय. वाघालाबी दिसणार न्हाई तुम्ही."

"वाघ कुठाय आपल्याकडं?" मी म्हणालो.

"आन जंगल तरी कुठाय?" सुनंदा म्हणाली.

खरंच होतं. फाल्गुनात आमच्या मुलखात हिरवं असं काय उरतं? कडुलिंबाची नवी पालवी, बस्स. बाकी सगळं वाळक्या कडब्याच्या आणि भेगाळलेल्या काळ्या मातीच्या रंगाचं. त्यात हा हिरवा शर्ट घालून मी उभा राहिलो तर चार शिवारांतून दिसलो असतो. मग त्यानं खिसेच खिसे असलेला एक शर्ट काढला. छातीवर, पोटावर, दंडावर, एक तर पाठीवरही होता.

"घरातल्या कपाटात ठेवलेलं सापडत न्हाई ह्येन्ला," सुनंदा दुकानदाराला म्हणाली, "आता अंगावर कपाट घालून हिंडणार."

तरी मी तो घालून आरशापुढं उभा राहिलो. नव्या कापडाचा खळीचा वास नाकात गेला. बाहेर ऊन चढत होतं, दुकानात गारवा होता, आणि आरशातला तो खिसेवाला माणूस बघता बघता कुठंतरी लांब गेला. त्याच्या जागी चौकड्यांचा, विटलेला, तपकिरी शर्ट दिसायला लागला. करडई दिसल्यापासून तो माझ्या मागं मागं येतच होता.

माझं आजोळ निलंग्याहून तसं जवळच. आजोळात सगळा गाव मामा आणि सगळ्या बायका मामी, तशी शेषामामी. सख्खी नाही, पण सख्ख्या मामीपेक्षा जास्त रागावणारी. तिचे मालक व्यंकटमामा वारून तेव्हा दोन पावसाळे झाले होते. लेकानं नवं घर बांधलं, समोर मोठी खोली काढली, गुढीपाडव्याच्या आधी वास्तुशांती धरली. आणि माघ सरता सरता एका दुपारी मामी माझ्या स्टुडिओत आली. पदराच्या गाठीतून तिनं मामांचं मतदानाचं ओळखपत्र काढलं.

"दिगंबर, ह्याचा मोठा फोटू कर. आन शेजारी मला बसीव. जोडीचा पायजे."

"लग्नातला नाही का एखादा?"

"आमच्या लग्नात फोटू काढायची रीत कुठं होती? पुढं रीत आली तवा ह्यांना येळ न्हाई." तिनं पदराची गाठ पुन्हा बांधली. "दारासमूरच्या भिंतीला लावायचाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं पायजे की, ह्या घराला दोघं हायत."

ओळखपत्रावरचा फोटो नखाएवढा. त्यात मामा असे घाबरून बघत होते की जणू त्यांना कुणी रात्रीतून उचलून आणलंय. पण आमच्या धंद्यात त्याला उपाय असतो. तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणाऱ्या प्रत्येकाजवळ एक तयार धड असतं, कोट-टाय घातलेलं. गेलेल्या माणसाचा चेहरा त्याच्यावर बसवायचा, मागं निळा पडदा द्यायचा, की झाला साहेब. आमच्या भागातल्या घराघरांत असे साहेब आहेत, ज्यांनी उभ्या जन्मात टाय हातात धरला नव्हता. घरच्यांना ते आवडतं. माणूस वर जाऊन सुधारला असं वाटत असेल.

मीही मामांना कोट घातला. शेजारी मामीला बसवून जोडी जुळवली आणि तिला दाखवली. तिनं बराच वेळ बघितलं.

"ह्यो कोण?"

"मामा."

"असला कोट घालून हे कुठं गेल्ते?"

मी कोट काढला. पांढरा सदरा घातला, डोक्यावर टोपी दिली. ती म्हणाली, हे लई सरळ बसलेत. मग आठवलं, मामा डाव्या खांद्यावर कलून चालायचे. पोती वाहून वाहून तो खांदा खाली गेला होता. मी कॉम्प्युटरवर खांदा खाली घेतला, तर मामा पडायला आल्यासारखे दिसायला लागले. मामीला हसू आलं आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला. फोटो जुळवणं मला येतं, पण तिला जे हवं होतं ते जुळवण्यातलं नव्हतं, हे मला त्या दुपारी कळून चुकलं आणि उगाच स्वतःचाच राग आला.

शेवटचा उपाय म्हणून मी गावच्या लग्नांचे जुने फोटो काढून बसलो. गावाचा भाचा म्हणून तिथली सगळी लग्नं माझ्याकडंच. इतक्या लग्नांत मामा कुठं ना कुठं सापडतीलच! मामी खुर्ची ओढून शेजारी बसली. एकामागून एक मांडव सरकत होते. हळदीच्या अंगाचे नवरदेव, रुसलेल्या वरमाया, पंगती, पंगती आणि पंगती. बाहेर दुपार पेंगत होती, दुकानासमोरून एखादी उसाची गाडी खडखडत जायची आणि पुन्हा शांत व्हायचं. आणि मामा कुठंच नव्हते. कुठं नुसती पाठ, कुठं अर्धं डोकं. मामा वाढपी होते ना! गावात कुणाचंही कार्य असो, वरणाची बादली त्यांच्या हातात. वाढणाऱ्याचा फोटो कोण काढतो? आम्ही जेवणाऱ्यांचे काढतो.

"थांब," मामी एकदम म्हणाली.

पंगतीचा फोटो होता. कोपऱ्यातून एक हात आत आला होता, हातात पळी, पळीतून वरण पडतंय. मनगटापर्यंत चौकड्यांची तपकिरी बाही.

"ह्यो हात त्येंचाय," ती म्हणाली. "शर्ट वळखू आला मला. त्यो मी आजून रानात घालते."

तिनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या बाहीला बोट लावलं. मग उठली, पिशवी घेतली. "हात काय लावायचा भिंतीला? राहू दे. तू लई केलंस." दारातून ती परत वळली. "एक कर. माझा एकटीचाच काढ. पण हितं नगं, हितं माझा जीव घुसमटतो. करडई काढायला लागल्यावर रानात ये."

करडई काढायला बायका दिवस उगवायच्या आधी लागतात. दव असतं तोवर काटा मऊ असतो. ऊन चढलं की तो असा कडक होतो की हात घालवत नाही. फोटोचा चांगला उजेडही तेवढाच वेळ असतो. मी पहाटेच मोटारसायकल काढली. थंडी सरत आली होती, पण नाल्यापाशी एक गार झुळूक अजून दबा धरून बसलेली होती, ती अंगावर आली. बांधावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसतं तांबडं फुटलं होतं. करडई ओली होती आणि तिचा तो थोडा तेलकट, थोडा कडवट वास जमिनीलगत साचून राहिला होता. आणि त्यात वाकलेल्या बायका, सगळ्यांच्या अंगात साडीवरून पुरुषांचे जुने शर्ट. कुणाचा नवऱ्याचा, कुणाचा लेकाचा, कुणाचा दिराचा. बाह्या मनगटापर्यंत, कॉलरची गुंडी गळ्याशी, हाताला चिंध्या, डोक्याला दस्ती. विळ्याची खसखस तेवढी ऐकू येत होती. घरातले सगळे पुरुष पहाटे उठून बायकांच्या मदतीला आल्यासारखं ते दिसत होतं.

मी कॅमेरा काढला मात्र, आणि एकच गोंधळ उडाला. विळे खाली पडले, गुंड्या निघाल्या, शर्ट बांधावर भिरकावले गेले, पदर सारखे झाले. 

"अहो, राहू द्या की शर्ट," मी ओरडलो, "तसंच लई चांगलं दिसतंय."

"चांगलं दिसतंय म्हणं!" मामीची धाकटी जाऊ सोजर म्हणाली. "सोयऱ्यानं बघितलं तर म्हणील, ह्यांच्या बायकांना चोळी-बांगडी मिळंना का?"

आमच्याकडं ही रीतच आहे. शर्ट कामाचा, फोटो साडीचा. त्यामुळे आमच्या बायका जन्मभर ज्या कपड्यात उन्हातान्हात राबतात, त्या कपड्यात त्यांचा एकही फोटो कुठल्याच घरात नाही. मामीनंही तिचा शर्ट काढून ठेवला आणि ती दोन्ही हात सरळ सोडून उभी राहिली. चेहरा असा, की आधारकार्डाच्या रांगेत नंबर आलाय. मी म्हणालो हसा, ती हसली नाही. म्हणालो इकडं बघा, ती बघेपर्यंत डोळे मिटले गेले. एकापेक्षा एक वाईट फोटो येत होते, आणि उजेड तर पळत होता.

जरा कडेनं बघावं म्हणून मी करडईत शिरलो. आता सांगायला हरकत नाही, त्या दिवशी माझ्या अंगात काळा, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट होता. छातीवर सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून करडईत अर्ध्या बाह्या घालून जाणारा मीच पहिला असेन. चार पावलांत दोन्ही हात ओरबाडून निघाले.

"आगं बया बया," मामी ओरडली, "रगात आलं की! शिकून शान्या झालास का याड लागलं तुला? थांब तिथंच." तिनं बांधावरचा तिचा शर्ट उचलला आणि माझ्याकडं फेकला. "घाल ह्यो. उगं मिजास करू नको."

मी तो घातला. चौकड्या धुऊन धुऊन विटलेल्या, रंग थेट वाळल्या करडईचा. कॉलर उसवून उलटी करून पुन्हा बसवलेली. मनगटापर्यंत बाह्या, झाकणाचे दोन खिसे, मागून लांब. कापड इतकं मऊ झालेलं की हलताना आवाज म्हणून नाही. कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेलं शर्टपीस असणार, आणि मापही मला अगदी बरोबर. त्याला ऊन, घाम आणि करडईचं तेल असा वास होता. लेन्सचं टोपण मी खिशात टाकलं, गुंडी लावली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

सोजर हळूच म्हणाली, "अक्का, बघ की कोण उभारलंय."

कॅमेऱ्यामागं माझा चेहरा झाकला होता. खाली राहिला होता नुसता शर्ट, आणि कॅमेरा पेलताना माझा डावा खांदा थोडा खाली गेला असावा. मामीनं वर बघितलं. आधी ती दचकली. मग तिचे खांदे सैल पडले, हात आपोआप पदराकडं गेला, पदर कानाच्या मागं सारला गेला. मागून सूर्य वर आला होता आणि सगळी करडई एकदम पेटली होती, पण ती तिकडं बघत नव्हती. ती शर्टाकडं बघत होती. इतक्या वर्षांत इतक्या नवऱ्या मी पाहिल्या, कुणी माझ्याकडं तसं बघितलेलं नाही आणि कुणी बघूही नये. तिच्या ओठांच्या कडेला आधी रुसवा आला, मग हसू आलं, आणि ती अगदी हळू, घरातलं बोलावं तसं बोलली.

"लई दिसानं येळ घावला व्हय?"

उत्तर द्यायचा हक्क माझा नव्हता. मी बटण दाबलं, आणि काचेच्या आत मला काही दिसेनासं झालं. मागं कुठंतरी भारद्वाज घुमत होता.

मग तीच पहिल्यांदा भानावर आली. "दे हिकडं," म्हणाली, "काटा कडक व्हायलाय." शर्ट माझ्या अंगातून जवळजवळ ओढूनच घेतला, घाईत एक गुंडी चुकीच्या काजात घातली, आणि विळा उचलून करडईत वाकली. दोन मिनिटांत ती इतर शर्टांत मिसळून गेली.

"काय ठरलं मग?" सुनंदा विचारत होती. आरशात पुन्हा तो खिसेवाला माणूस उभा होता, थोडा लाल डोळ्यांचा. दुकानदार हातात आणखी तीन-चार शर्ट घेऊन ताटकळला होता. मी त्याला म्हणालो, चौकड्यांचा काही आहे का, मातकट, सुती, एक माप मोठा. त्यानं कुठूनतरी खालच्या फळीवरून एक काढून दिला.

"ह्यो तर म्हाताऱ्याचा शर्ट हाय," सुनंदा म्हणाली.

"हो," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि त्यानंतर काहीच टोमणा मारला नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे क्वचितच घडतं.

परतीच्या एसटीत तिला मी ते सगळं सांगितलं. फोटो मोठा करून, चौकट लावून मी वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मामीकडं नेऊन दिला होता, तेव्हा मनात धाकधूक होती. तिनं जोडीचा मागितला होता आणि माझ्या हातात होता तिच्या एकटीचा. दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो तर नव्या घराला रंगाचा आणि धुपाचा वास येत होता, मोठ्या खोलीत सतरंजीवर पाहुणे बसले होते आणि फोटो दारासमोरच्या भिंतीवर लागला होता. उन्हातली करडई, आणि तिच्यात उभी राहून कुणाकडंतरी रुसून हसणारी मामी.

उदगीरकडून आलेला कुणी पाहुणा फोटोकडं बघत म्हणाला, "फोटू झकास हाय. पर मामींचा एकटीचाच काढला व्हय?"

मामी पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होती. ती तिथंच थांबली.

"एकटीचा कुठं? दोघांचाय," ती म्हणाली. "ते समूर उभारलेत, म्हून दिसंनात."